पहिले दर्शन आणि मामांच्या माळ्यावरची ट्रंक

वाचकाचे पत्र:

ताई, स. न. वि. वि. माझे वय एकतीस वर्षे असून मी जुळे सोलापुरात राहतो आणि गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. गेली दोन वर्षे मला जुन्या अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सचा, त्यातही एखादे पात्र ज्या अंकात पहिल्यांदा आले अशा अंकांचा नाद लागला आहे. इंटरनेटवर ओळख झालेला एक विक्रेता ‘इन्क्रेडिबल हल्क’चा १८१ वा अंक, म्हणजे वुल्व्हरिनचे पहिले दर्शन, मला १ लाख ६० हजार रुपयांना द्यायला तयार आहे. अंकाचे ग्रेडिंग, म्हणजे स्थिती तपासून गुण देणे, झालेले नाही. पंधरा दिवसांत पैसे न भरल्यास तो दुसऱ्याला देईन, असे त्याने कळवले आहे. घराच्या डागडुजीसाठी ठेवलेल्या पैशांतून ही रक्कम देता येईल, पण पत्नीची त्याला तयारी नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बार्शीला मामांच्या माळ्यावर मराठी इंद्रजाल कॉमिक्सची एक ट्रंक आहे. साठ-सत्तर अंक असतील. मामा म्हणतात, हवे तर ने, नाहीतर रद्दीत घालतो. ते अंक विकून हल्कच्या अंकासाठी काही पैसे उभे राहतील का? आणि तो अंक घ्यावा का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर:

प्रिय वाचक, सप्रेम नमस्कार.

हल्कचा तो अंक या अटींवर घेऊ नका, आणि मामांच्या ट्रंकेतला एकही अंक नीट पाहिल्याशिवाय विकू नका, ही दोन उत्तरे आधीच देऊन टाकते. ही उत्तरे तुमचा छंद मोडण्यासाठी नाहीत. ‘पहिले दर्शन’ हा तुमच्या छंदाचा गाभा आहे, आणि तो विक्रेत्याच्या शब्दावर मान्य करायचा नसून छापील पानावरून स्वतः पडताळायचा असतो. तुमच्या पत्रात किमतीविषयी, मुदतीविषयी आणि घरच्या नाराजीविषयी पुष्कळ आहे. मात्र त्या अंकाच्या आतल्या पानांविषयी एक अक्षरही नाही. म्हणून मला हे उत्तर सविस्तर लिहावेसे वाटले.

सुपरमॅन पहिल्यांदा आला तो जून १९३८ ही तारीख असलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात, बॅटमॅन मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात आणि स्पायडर-मॅन ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकात. यांपैकी एकाही मासिकाचे नाव नायकाच्या नावावरून नाही, हे लक्षात घ्या. नवे पात्र चालेल की नाही याची खात्री नसताना प्रकाशक ते चालू असलेल्या किंवा बंद पडत आलेल्या मासिकात घालून पाहत असत. ‘अमेझिंग फँटसी’चा १५ वा अंक तर त्या मासिकाचा शेवटचाच अंक होता. स्पायडर-मॅनच्या स्वतःच्या नावाचे मासिक त्यानंतर, १९६३ मध्ये सुरू झाले. त्यामुळे नायकाच्या नावाच्या मासिकाचा पहिला अंक आणि नायकाचे पहिले दर्शन या पुष्कळदा दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि नवा संग्राहक नेमका इथेच फसतो. मुखपृष्ठावर छापलेला महिनाही प्रत्यक्ष विक्रीचा नसे. अंक दुकानात लवकर येई आणि त्यावर पुढचा महिना छापलेला असे. जून १९३८ चा सुपरमॅनचा अंक एप्रिलमध्येच विक्रीला आला होता.

आता वुल्व्हरिनकडे येऊ, कारण त्याचे उदाहरण ‘पहिले’ या शब्दाची अडचण फार चांगली दाखवते. ऑक्टोबर १९७४ ची तारीख असलेल्या हल्कच्या १८० व्या अंकाच्या अगदी शेवटच्या पानावर तो उडी घेऊन समोर येतो आणि गोष्ट तिथे थांबते; नोव्हेंबरच्या १८१ व्या अंकात तो मुखपृष्ठावर येतो आणि गोष्टभर लढतो. लेन वाइन यांनी ही गोष्ट लिहिली, हर्ब ट्रिंप यांनी चित्रे काढली आणि वुल्व्हरिनच्या वेषाची रचना जॉन रोमिता यांची होती. मग पहिले दर्शन कोणते? शब्दाला धरून चालायचे तर १८० वा अंक. बाजार मात्र १८१ ला ‘पूर्ण पहिले दर्शन’ मानतो आणि पैसे त्यालाच जास्त मोजतो. याचा निवाडा करणारे पंच कोणी नाहीत. संग्राहकांनी वर्षानुवर्षे ज्याला मान दिला तो अंक वरचढ ठरला. माझे स्वतःचे मत १८० च्या बाजूचे आहे, कारण त्या शेवटच्या पानावर पोहोचलेल्या वाचकाला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते आणि पहिल्या दर्शनाची ती अवस्था मला अधिक मोलाची वाटते. पण तुम्ही पैसे मोजणार आहात ते बाजाराच्या मतावर, माझ्या मतावर नाही. कोणत्याही अंकाबाबत ‘पहिले दर्शन’ हे शब्द ऐकले, की झलक आहे की पूर्ण भूमिका, मुखपृष्ठावर आहे की फक्त आत, हे विचारण्याची सवय ठेवा.

पंधरा दिवसांच्या मुदतीविषयी माझे मत स्पष्ट आहे. १९३८ चे अंक आज फारच कमी दिसतात, कारण मुलांनी ते वाचून फाडले आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांतही पुष्कळ गेले. १९७४ ची गोष्ट तशी नाही. तेव्हा हल्कचे प्रकाशक असलेल्या मार्व्हलच्या अशा अंकांच्या लाखो प्रती निघत आणि अंक जपून ठेवणारे वाचकही तयार झाले होते. १८१ व्या अंकाच्या हजारो प्रती आजवर ग्रेडिंग होऊन प्लॅस्टिकच्या बंद कवचात गेल्या आहेत. हा अंक महाग आहे तो मागणीमुळे, दुर्मीळपणामुळे नव्हे. जो अंक जगाच्या बाजारात सतत विक्रीला येतो, त्याच्यासाठी पंधरा दिवसांची घाई करण्याचे ग्राहकाला काहीच कारण नाही. ती गरज विक्रेत्याची आहे.

यापुढचे सांगणे या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे. १९७४ च्या सुमारास मार्व्हलने आपल्या अंकांत ‘मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प’ नावाचे तिकिटासारखे छोटे चित्र छापायला सुरुवात केली. मुलांनी ते कात्रीने कापून एका वेगळ्या वहीत चिकटवावे, अशी कल्पना होती आणि मुलांनी ते मनापासून केले. हल्कच्या १८१ व्या अंकात वाचकांच्या पत्रांच्या पानावर शाना या पात्राचे असे तिकीट आहे. ते कापलेले असेल, तर मुखपृष्ठ कितीही चकचकीत असले तरी प्रत अपुरी ठरते आणि तिची किंमत पुष्कळच खाली येते. विक्रेते बहुधा मुखपृष्ठाचे आणि मलपृष्ठाचे छायाचित्र पाठवतात. हे पान कधी आपणहून दाखवत नाहीत. तुमच्या विक्रेत्याकडे आजच्या आज या पानाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र मागा. तिकीट जागेवर दिसले, तरी पान उजेडासमोर धरून घेतलेले छायाचित्रही मागा, कारण दुसऱ्या फाटक्या अंकातले तिकीट कापून या भोकात बसवलेल्या प्रतीही बाजारात फिरतात. तुमचे नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी अंकाशेजारी ठेवून छायाचित्रे घ्यायला सांगा, म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या अंकाची छायाचित्रे तुमच्यापर्यंत येणार नाहीत. सरळ मनाच्या विक्रेत्याला हे विचारलेले खटकत नाही.

मधल्या जोडपानाचे आणि पिनांचे छायाचित्रही हवे. जोडपान पिनांतून सुटले आहे का, पिना गंजून कागदावर तांबूस डाग पडला आहे का, हे त्यात दिसते. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मासिकाचे नाव, अंक, महिना आणि प्रकाशक छापलेला असतो. तो मजकूर वाचता येईल असे छायाचित्र घ्या. मार्व्हलने अलीकडच्या काळात अशा गाजलेल्या अंकांच्या जुन्या जाहिरातींसकट हुबेहूब नव्या आवृत्त्या काढल्या आहेत. त्या वाचायला उत्तम आणि स्वस्त आहेत, पण तळाच्या बारीक मजकुरात आपण नव्या असल्याचे त्या सांगतात आणि विकणारा मात्र ते सांगेलच असे नाही.

एक गोष्ट माझ्या अनुभवातून सांगते. माझी सगळी नोकरी ग्रंथालयाच्या बांधणी विभागात गेली. मासिकांचे वर्षभराचे अंक एकत्र बांधताना आम्ही त्यांच्या तिन्ही कडा यंत्रावर कापून सरळ करत असू, आणि मुलांच्या विभागातली कॉमिक्सही मी त्याच यंत्राखाली घातली. त्या वेळी ते काम मला नेटके वाटत असे. आज त्याची खंत वाटते, कारण कापलेली कड परत येत नाही, आणि संग्राहकाच्या दृष्टीने कडा कापलेली प्रत ही बिघडवलेली प्रत असते. पन्नास वर्षांच्या अंकाच्या कडा नुकत्या कापल्यासारख्या धारदार आणि कोपरे अगदी काटकोनी दिसले, तर पट्टी लावून लांबी-रुंदी मोजायला सांगा. मुखपृष्ठावरच्या काळ्या भागात, विशेषतः कण्याजवळ, रंगाचा पेन फिरवून पांढऱ्या भेगा झाकलेल्या असतात. तिरपा उजेड टाकला की तेवढी जागा वेगळी चमकते.

ग्रेडिंग झालेली प्रत घेतली, तर यातले पुष्कळ काम तपासनिसांनी केलेले असते. अमेरिकेतली सीजीसी ही संस्था २००० सालापासून ०.५ ते १० या श्रेणीत अंकांना गुण देऊन ते कवचात बंद करते, आणि ज्या अंकावर दुरुस्ती किंवा रंगकाम आढळते त्याला जांभळी पट्टी लावते. कवचावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कवच उघडून आतला अंक बदलल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत, म्हणून क्रमांकाबरोबर तिथली छायाचित्रेही ताडून पाहावीत. इतका महाग अंक पुढे कधी घ्यायचा झालाच, तर तुम्ही तो ग्रेडिंग झालेलाच घ्यावा, असे माझे मत आहे.

पैशांविषयी फार लांबवत नाही. डागडुजीचे पैसे डागडुजीलाच लावा. ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकाची एक उत्तम प्रत सप्टेंबर २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरना गेली, ही बातमी तुम्ही वाचली असेल, पण त्याच तेजीत घेतलेल्या पुष्कळ अंकांचे भाव पुढच्या दोन वर्षांत उतरले, याच्या बातम्या तेवढ्या मोठ्या अक्षरांत आल्या नाहीत. सोलापुरात बसून असा अंक विकायचा म्हटले, तर गिऱ्हाईक परदेशी, टपाल आणि विमा तुमचा आणि जोखीमही तुमचीच. तुमच्या पत्नींचा विरोध तुम्ही ‘तयारी नाही’ या दोन शब्दांत लिहिला आहे. त्यांना पत्रांच्या पानाचे छायाचित्र दाखवा आणि ते का मागवले हेही समजावून सांगा. आपल्या माणसाला या छंदातले खरेखोटे पारखता येते, हे त्यांना दिसू द्या.

आता ट्रंकेकडे. तुमचे पत्र वाचताना माझे मन खरे तर तिथेच गुंतले.

इंद्रजाल कॉमिक्सचा इंग्रजीतला पहिला अंक टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये काढला आणि १९९० पर्यंत ही मालिका चालली. आधी मासिक, मग पाक्षिक आणि पुढे साप्ताहिक. मराठीत फँटमचा वेताळ झाला आणि याच नावाने तो घरोघरी पोहोचला. ली फॉक यांनी लिहिलेली वेताळाची चित्रपट्टी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली होती, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधी. त्यामुळे इंद्रजालमधला वेताळ हे त्या पात्राचे पहिले दर्शन नव्हे. गोष्टी पानांत बसवण्यासाठी कापल्या गेल्या आणि मूळ कथेतला बेंगाला देश इंद्रजालमध्ये डेंकाली झाला. तरीही त्याच मालिकेत एक पात्र असे आहे, जे दुसरीकडून आणलेले नाही. आबिद सुरती यांनी निर्माण केलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांच्या चित्रांतून उभा राहिलेला बहादूर १९७६ मध्ये इंद्रजालच्याच पानांवर जन्माला आला. कुर्ता आणि जीन्स घालणारा, दरोडेखोराचा मुलगा असूनही दरोडेखोरांविरुद्ध गावकऱ्यांना उभे करणारा हा नायक आपल्याकडचा आहे. त्याचे पहिले दर्शन अमेरिकेतल्या कोणत्याही लिलावात शोधून उपयोग नाही. ते असेल तर बार्शीच्या माळ्यासारख्याच एखाद्या माळ्यावर असेल.

मी तुम्हाला भलती आशा लावत नाही. त्या ट्रंकेतून १ लाख ६० हजार रुपये निघण्याची शक्यता फारच कमी आहे. मराठी इंद्रजालचे चांगल्या स्थितीतले अंक सहज मिळत नाहीत, पण ते मागणारे लोकही थोडे आहेत, आणि हल्कच्या १८१ व्या अंकाच्या अगदी उलट अशी ही स्थिती आहे. जो अंक जगात हजारोंनी आहे तो लाखांत जातो आणि ज्याची दुसरी प्रत कदाचित जिल्ह्यात नसेल तो रद्दीत जायच्या वाटेवर आहे. पहिले दर्शन स्वतःच्या हातांनी तपासून ठरवण्याचा अभ्यास करायला मला या ट्रंकेइतकी योग्य जागा दुसरी दिसत नाही.

अंक आणल्यावर आधी वही घ्या. प्रत्येक अंकाचा क्रमांक, महिना, वर्ष, किंमत, गोष्टीचे नाव आणि मुख्य पात्र लिहून काढा. पुढच्या काळातल्या अंकांवर खंड आणि अंक अशा पद्धतीने क्रमांक छापलेले आढळतील, ते तसेच उतरवा. इंग्रजी, हिंदी आणि मराठी अंकांचे क्रमांक एकमेकांशी जुळतातच असे गृहीत धरू नका. हातातल्या अंकावर जे छापले आहे तेच प्रमाण. १९७६ आणि १९७७ चे अंक वेगळे काढा आणि पानन् पान पाहा. हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या माणसाला हे काम जड जाऊ नये.

अंक जपण्याबाबत आपल्या शहराला धरून दोन शब्द. वर्तमानपत्री कागदात लाकडाचा जो अंश राहतो तो हवेने, उजेडाने आणि उष्णतेने पिवळा पडत जातो आणि पान शेवटी पापडासारखे मोडते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून जास्त. कोरडी हवा बुरशीपासून वाचवते, उष्णतेपासून नाही. म्हणून अंक घराच्या मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, उन्हाने तापणाऱ्या भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. वाळवी आणि कसर दोन्ही खालून आणि भिंतीकडून येतात. प्रत्येक अंकाला पॉलिप्रॉपिलीनची पिशवी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा द्या. पॉलिएस्टरच्या पिशव्या महाग असतात, पण जास्त टिकतात. इंद्रजालचे आकार वेगवेगळे भरू शकतात, म्हणून अंक मोजूनच पिशव्या मागवा. डांबराच्या गोळ्या घालू नका, कडुनिंबाचा पाला कागदाला लागून ठेवू नका, कपाटात जुनी वर्तमानपत्रे अंथरू नका, आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप तर कधीही लावू नका. सेलोटेपने पिवळी आणि चिकट झालेली पाने मी इतकी पाहिली आहेत, की त्यापेक्षा फाटलेले पान तसेच राहिलेले बरे. ट्रंक आणायला पावसाळ्यात जाऊ नका.

खरेदीची हौस यात भागणार नसेल, तर लहान रकमेत खरी पहिली दर्शने मिळतात. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी स्पायडर-मॅनचा भारतीय अवतार, पवित्र प्रभाकर, चार अंकांच्या मालिकेत आणला. तो भारतात गॉथम कॉमिक्सने आणि अमेरिकेत मार्व्हलने छापला. राज कॉमिक्सचा नागराज १९८६ चा आणि सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा आहे. नागराजच्या पहिल्या अंकाची चित्रे आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. राज कॉमिक्सचे अंक पुन्हापुन्हा छापले गेले आहेत, त्यामुळे तिथे किंमत, जाहिराती आणि मलपृष्ठ पाहून पहिली छपाई ओळखावी लागते, आणि हा अभ्यास पुढे तुमच्या फार उपयोगी पडेल. सोलापूरकरांचे हैदराबादला जाणे-येणे असतेच. रविवार गाठून गेलात तर ॲबिड्सच्या पदपथावरची जुनी पुस्तके चाळा. तिथे अंक हातात घेऊन, उजेडात धरून, वास घेऊन पाहता येतो.

विक्रेत्याला छायाचित्रांविषयी आज लिहा. त्याने ती पाठवली नाहीत, तर त्याचे उत्तर तुम्हाला मिळालेच. आणि येत्या रविवारी बार्शीला जाल तेव्हा फक्त ट्रंक उचलून परत येऊ नका. मामांना शेजारी बसवा आणि एकेक अंक त्यांच्यासमोर उघडा. कोणता अंक त्यांनी कुठून घेतला, कोणता कोणाला वाचायला दिला आणि परत आला नाही, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. बहादूरचा तो अंक ट्रंकेत नसला, तर बार्शीत कोणाच्या घरी विचारायचे हेही तेच सांगतील.